चाकाखालचं लिंबू

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी मिळून रबरबँडच्या पिळावर पळणारी छोटी गाडी केली होती. सांगलीत कॉलेजांची स्पर्धा होती. फरशीवरून जी गाडी सरळ आणि सगळ्यात लांब जाईल, ती साताऱ्याच्या मोठ्या फेरीला जाणार. मैत्रिणीनं साताऱ्याचं फारच मनावर घेतलं होतं. तिच्या वाडीतून मेकॅनिकलला गेलेली ती पहिलीच मुलगी, आणि घरात तिच्या बाजूनं एकटे वडील. साताऱ्याला निवड झाली की बाकीच्यांची तोंडं बंद होतील, असं ती म्हणायची.

चाकांवरून आमचं चांगलंच वाजलं. मला रुंद, दातेरी टायर हवे होते. आमच्याकडं ट्रॅक्टरचं टायर बघूनच माणूस मान डोलावतो, त्यातली मी. ती म्हणाली, "गड्या, आपल्याला ऊस वढायचा न्हाई. फरशीवर पळायचं हाय." खेळण्यांच्या दुकानात ती एकेक चाक काउंटरवर घरंगळवून बघायची, डुगडुगलं की परत ठेवायची. दुकानदार आम्हाला बघितलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायला लागला. शेवटी तिनं मोडक्या खेळण्याची अरुंद चाकं घेतली, सायकलच्या ट्यूबच्या पातळ चकत्या कापून त्यावर चढवल्या आणि आसाला सायकलचा स्पोक घातला. कॉलेजच्या व्हरांड्यात गाडी अशी गेली, की मी माझे दातेरी टायर विसरून गेले.

स्पर्धेच्या सकाळी ती गाडी घेऊन आमच्या घरी, कवठे महांकाळला आली. इथून दोघी एसटीनं जाणार होतो. आईनं उंबऱ्यातच अडवलं. "आगं, नवी गाडी हाय, तशीच काढतासा व्हय?" हळदकुंकू झालं, ओवाळून झालं, मग पुढच्या चाकांखाली लिंबं. आता एवढीशी गाडी लिंबू कशी चिरडणार? आईनं वरून तळहात ठेवला आणि सगळा भार टाकून दाबलं. लिंबं फुटली. आम्ही हसलो, आईच्या पाया पडलो आणि स्टँडकडं पळालो.

सांगलीत पोचल्यावर गाडी चालवून बघितली, तर ती डावीकडं वळायला लागली. पुढच्या चाकांचा स्पोक वाकला होता. मैत्रिणीनं बोटांनी सरळ करायला घेतला, तर दुसरीकडं वाकला. जवळ दुसरा स्पोक नव्हता आणि तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. गाडी थोडी पुढं जाऊन वळली आणि भिंतीला जाऊन थडकली. तिनं ती उचलून पोटाशी धरली. मला तिच्याकडं बघवेना.

बाहेर येतोय तोच आईचा फोन. मी काही बोलायच्या आत मैत्रिणीनं तो काढून घेतला. "लय पळाली काकू. एकाची तेवढी जरा पुढं गेली." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मायेनं केलं त्यांनी. सांगू नगंस कवा." मग ती नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

आईनं दुसऱ्या नंबरचं श्रेय लिंबांना दिलं आणि गल्लीभर सांगितलं. पुढं एकदा आईबरोबर आठवड्याच्या बाजारात गेले, तिथं मैत्रिणीचे वडील भेटले. मेंढरं विकायला आले होते. मुलीनं त्यांना सगळं खरं सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. साताऱ्याला न गेल्यावरून घरच्यांनी तिला काय काय ऐकवलं, तेही ठाऊक होतं. आणि आईनं त्यांच्यासमोर उभं राहून अख्खी पूजा पहिल्यापासून सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेऊन हात जोडले. "व्हय ताई, तुमच्या हाताला गुण हाय. पोरगी लय खूश हुती."

आई घरापर्यंत खुशीत बोलत गेली. मला तिच्या बरोबरीनं चालता येईना.