जिन्यावर थांबलेलं बोलणं

रुग्णालयातल्या ईसीजी यंत्राची ट्रॉली, तिथल्या जिन्याचा सागवानी कठडा आणि पहिल्या वळणावरचं घडीचं बाकडं, या तिन्ही वस्तू मी स्वतः केल्या. यंत्रदुरुस्ती काय किंवा सुतारकाम काय, मला कोणी शिकवलेलं नाही. बाकड्याचं माप देताना डॉ. त्र्यंबकराव म्हणाले, "स्वल्प रुंद करा. दमलेला माणूस टेकताना जागा बघत नाही." आमची ओळख ती.

शस्त्रक्रिया आणि भूल रुग्णाचं हृदय सोसेल का, हे आधी तपासण्यात डॉक्टरांची हयात गेली. थकवणारं काम. सगळं सुरळीत झालं तर त्यांची आठवण कोणाला होत नाही. तारीख पुढे ढकलली तर शिव्या मिळतात. मीही भांडलोच होतो.

माझ्या अक्काच्या पित्ताशयात खडे होते. तारीख ठरलेली, देवनहळ्ळीहून सगळे येऊन बसलेले, ईसीजी उत्तम. डॉक्टर म्हणाले, "अक्का, चला, जिना चढू."

"लिफ्ट बिघडलीय काय हो?"

"नाही. सुनेचं काय सांगत होता?"

हीच त्यांची पद्धत. माणसाला जिव्हाळ्याच्या विषयावर बोलतं करायचं आणि शेजारून चढत ऐकायचं. अक्का सुरू झाली. पहिल्या वळणावर, सुनेचं सांबार कुठे बिघडतं ते सांगता सांगता, गप्प झाली आणि बाकड्यावर टेकली.

"पुढे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुढे... विसरले."

"सुनेची चूक विसरलात? मग दुखणं मोठं आहे."

मी तावातावाने म्हणालो, "डॉक्टर, ईसीजीची पट्टी चोख आलीय. मशीन मी स्वतः जुळवलंय."

"मशीन खरंच बोलतं हो. पण झोपून काढलेली पट्टी झोपलेल्या माणसाचंच सांगते."

त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग इको करायला लावला. हृदयाची एक झडप फार अरुंद झाली होती. तशीच भूल दिली असती तर अक्का टेबलावरून उठली नसती, असं सर्जननीच मला नंतर सांगितलं. आधी झडप बदलली, पुढे यथावकाश खडे काढले. अक्का आता जिना चढता चढता सुनेला नावं ठेवते, आणि मध्ये थांबत नाही.

डॉक्टरांचे गुडघे मात्र हल्ली कुरकुरतात. संध्याकाळी "दमलो हो," म्हणतात आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतात. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी देवाकडे मोठं मागणं मागत नाही. त्यांचे पाय शाबूत राहोत, झोप शांत लागो, आणि आणखी पुष्कळ वर्षं रुग्णाच्या शेजारून चालण्याइतका दम त्यांना लाभो.

गेल्या वर्षी हेब्बाळकडच्या एका नव्या रुग्णालयाने त्यांना बोलावलं होतं. थंडगार खोली, रुग्णाला भेटायचं नाही, रिपोर्ट बघून त्याच दिवशी सही करायची. डॉक्टरांनी नकार दिला. महिन्याला साडेचार लाख देत होते.