इत्यादी मावशी

ओढ्यावरचा पूल गावाने स्वतःच्या हातांनी बांधला, तेव्हा मावशी पंधरा वर्षांची होती. खाणीपासून ओढ्यापर्यंत माणसांची रांग. दगड हातातून हातात जायचा. पूल झाल्यावर शिळा बसली. तिच्यावर पाच नावं आणि शेवटी ‘इत्यादि’.

मावशीला वाचता येत नव्हतं. पाथरवटाने तिला ओळ वाचून दाखवली.

“हा शेवटचा कोण?” तिने विचारलं.

“तू,” तो हसला.

त्याने थट्टा केली. तिने ती पदरात बांधून घेतली. येता-जाता त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. गावाने नावच पाडलं, इत्यादी मावशी. हाक मारली की ती ताठ मानेने ‘ओ’ द्यायची.

यंदा पूल रुंद करताना शिळा फुटली. नवा मजकूर शाळेतल्या गुरुजींनी लिहिला आणि पुलावर वाचून दाखवला. पाच नावं. संपलं.

“माझं कुठाय?”

“मावशी, इत्यादी म्हणजे कोणीच नाही. भरतीचा शब्द तो.”

“कोणीच नाही? मग दगड काय भुतांनी वाहिले?”

गुरुजी ओशाळले. “बरं, सहावं तुमचं खरं नाव घालतो.”

“एकटीचं? माझ्या हातात दगड काय आभाळातून पडत होता?”

“मग सांगा सगळ्यांची नावं.”

ती कठड्यावर बसली. डोळे मिटून रांगेतलं एकेक माणूस उभं करत गेली. गुरुजींची दोन पानं भरली. तिसऱ्यावर ती अडली. तिच्या डाव्या हाताची बाई. ओढ्यापलीकडची, पाठीला मूल बांधलेली. चार दिवस तिने मावशीच्या हातात दगड दिले. प्रत्येक दगडाबरोबर, “सांभाळ गं.” नाव विचारायचं राहूनच गेलं.

“हिला तोच शब्द लागेल, गुरुजी.”

नावं गावाच्या इतिहासाच्या वहीत गेली. शिळेवर तो शब्द परतला.

मावशीने बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली. “शेवटचा दांडा अलीकडे होता. हा पलीकडे गेला!”

“आधीची वेलांटी ऱ्हस्व होती, मावशी. आता दीर्घ लिहितात.”

“असू दे. इतकी वर्षं एका अंगावर पडल्यावर कूस बदलणारच की.” ती उठली, पदर सावरला. “आता वाचा. मोठ्याने. ओढ्यापलीकडे ऐकू गेलं पाहिजे.”