मालोजीचा डावखुरा फलंदाज

साजगावच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात लागल्यापासून मालोजीला पुठ्ठ्यातलं सगळं कळू लागलं होतं. निदान त्याचं मत तसं होतं. लग्नाची पत्रिका आली तर कुणाचं लग्न ते बघायच्या आधी तो पत्रिकेच्या कोपऱ्यावर टिचकी मारी, कान देऊन आवाज ऐके आणि "हलका माल" म्हणून ती बाजूला ठेवी. खालापूरजवळच्या त्याच्या गावात पुठ्ठ्याविषयी दुसरं मत बाळगणारा माणूसच नव्हता, त्यामुळे मालोजीची विद्वत्ता बिनविरोध निवडून आली होती.

सत्तर सालानंतर क्रिकेटचं वेड गावोगाव शिरलं, तेव्हा एका चहाच्या कंपनीने पुड्यात क्रिकेटपटूंची चित्रं घालायला सुरुवात केली. पत्त्याएवढा, जाड, चकचकीत तुकडा; पुढे खेळाडू, मागे त्याच्या धावा. मालोजीने लगेच घरचा चहा बदलला. नव्या चहाला ना रंग ना वास, पण पुडा संपल्याशिवाय दुसरा फोडता येत नाही म्हणून तो वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून ओटीवर बसवी आणि दोन-दोन कप पाजी. शेवटी शेवटी लोक त्याच्या घरावरून जायचं टाळू लागले. पण त्या चहातूनच एक दिवस एक डावखुरा फलंदाज निघाला. हे चित्र म्हणे फार थोड्या पुड्यांत होतं. मालोजीने ते घरोघरी नेऊन दाखवलं, हात मात्र कुणाला लावू दिला नाही.

मुंबईत गिरगावात अशा चित्रांचा छंद असणाऱ्यांचं एक मंडळ होतं. तिथले तपासनीस भिंगातून चित्र बघत, त्याला दहापैकी गुण देत आणि पारदर्शक पाकिटात बंद करून वर गुणांचा शिक्का मारत. आठ किंवा जास्त गुणांची चित्रं दिवाळीच्या प्रदर्शनात मालकाच्या नावासकट लागत. मालोजीने चित्र तिकडे टपालाने धाडलं आणि निकालाची वाट न बघता गावाला प्रदर्शनाचं आमंत्रणही देऊन टाकलं.

"आठाच्या खाली येयाचाच नाय," तो पारावर सांगत सुटला. "पुठ्ठा मी बघितलाय."

सहा आले.

सहाचं त्याने कसंबसं सोसलं असतं. पण आनंदीबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ येसाजी नेरळला रेल्वेत कारकून होता, आणि त्याच्याकडच्या ह्याच फलंदाजाला सात मिळाले होते. येसाजी काही बोलला नाही. पण गणपतीला घरी आला तेव्हा आरती संपेपर्यंत तो मालोजीकडे बघून हसत होता, आणि ते मालोजीला बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

चित्र पुन्हा तपासायला देता येत असे. मात्र नियम असा की जुनं पाकीट फोडायचं, जुने गुण रद्द, आणि नवे मिळतील ते मुकाट्याने घ्यायचे. वाढले तर वाढले, घटले तर घटले. द्यावं की न द्यावं, ह्या विचारात मालोजीने जेवणावरचं लक्ष उडवून घेतलं. आमटीत मीठ नसलेलं त्याला कळेना. गावात ज्याला त्याला तो सल्ला विचारी आणि समोरच्याने तोंड उघडलं की स्वतःच बोलू लागे.

अखेर गुण कशाने गेले ते त्याने शोधून काढलं. फलंदाजाच्या कपाळावर लाल ठिपका होता. आदल्या वर्षी खंडेनवमीला कोयते, विळे, सायकल अशी सगळी हत्यारं ओळीने मांडली होती, त्यात मालोजीने चित्रांचा डबाही उघडून ठेवला होता, फलंदाज सगळ्यांत वर. आनंदीबाई हळदकुंकू वाहत आली, तेव्हा "ह्यालाबी लाव गं, ह्याबी घरचा हत्यार हाय," असं तोच म्हणाला होता. तिने लावलं. आता तो डाग झाला.

"पुसायला पायजे," मालोजी म्हणाला.

"पूजेत लावलेला कुंकू मार्कांसाठी पुसनार?" आनंदीबाई म्हणाली. "असूंद्या की सहा. सहा काय वाईट हायत?"

"तुझ्या भावाला सात हायत."

"मंग तेच्याकडंच जेवायला जात जा."

आनंदीबाईचं म्हणणं देवाधर्मापुरतं नव्हतं. हा माणूस सुधारायला गेला की वस्तू कामातून जाते, हे तिने संसारात पुष्कळदा पाहिलं होतं. पण बायकोचं ऐकून वागला असं गावाने म्हणू नये, ह्याची मालोजीला फार काळजी होती. त्याने पाकीट फोडलं. कारखान्यात पुठ्ठ्यावरचं तेल लाकडाच्या भुशाने टिपत. घरी भुसा नव्हता, भाताचा कोंडा होता. कोंडा घेऊन त्याने फलंदाजाचं कपाळ घासलं. कुंकू गेलं. त्याच्याबरोबर कपाळावरची चकाकी गेली आणि एक भुवई अर्धी झाली. आंघोळ केल्यासारखा ताजा दिसतोय, असं मालोजीला वाटलं. पुढच्याच सामन्यात तो फलंदाज शून्यावर बाद झाला, तेव्हा हे कुंकू पुसल्याचंच फळ म्हणून शेजारच्या भिवाजीने मालोजीला तंबाखू द्यायचं बंद केलं.

ह्या खेपेला मालोजी स्वतः गिरगावात गेला. तपासनीस म्हाताऱ्याने भिंग लावलं, काढलं आणि नव्या पाकिटावर चाराचा शिक्का मारला.

"डाग काढला की मी," मालोजी म्हणाला.

"कसला डाग?"

"कपाळावरचा."

"तो टिळा? तो छापलेलाच असेल असं धरलं होतं आम्ही. त्याचा एकही गुण कापला नव्हता," म्हातारा म्हणाला. "गेले होते ते कोपऱ्याचे. कुणीतरी टिचक्या मारून मऊ केलाय बघा. आता वर हे घासलेलं."

मालोजीला भयंकर लाज वाटली. इतकी, की जिना उतरताना त्याने खरोखरच ठरवलं, घरी जाऊन आनंदीबाईला सगळं खरं सांगायचं आणि चुकलो म्हणायचं. हा चांगला विचार खोपोलीपर्यंत टिकला. गावात पोचला तर पारावर मंडळी बसलेली.

"किती आला रं?" भिवाजीने विचारलं.

मालोजीने पाकीट वर धरलं. "चौथा," तो म्हणाला. "अख्ख्या मुंबईत. मार्क बंद केलं त्यांनी, आता नंबर देतात."

अख्खा पार उठून उभा राहिला. भिवाजीने तंबाखूची चंची आपणहून पुढे केली. आठ दिवसांनी येसाजी नेरळहून आला तो नारळ घेऊनच. आपला सातवा की काय, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही. ओटीवर माणसं मावेनात. प्रत्येकाला चित्र पाहायचं होतं आणि प्रत्येक जण तोच बेचव चहा न कुरकुरता पीत होता.

"आता थांबू नको मालोजी," भिवाजी म्हणाला. "परत धाड. चौथ्याचा पयला कर. गावाचा नाव होईल."

सगळ्यांनी माना हलवल्या. नको म्हणावं तर का, ते मालोजीला सांगावं लागणार होतं. त्याने दाराकडे पाहिलं. आनंदीबाई कपबशा घेऊन उभी होती. तो मुंबईहून आला त्याच दिवशी तिने पाकिटावरचा शिक्का वाचला होता आणि आठ दिवसांत त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

तिने नवऱ्याच्या हातात कप दिला.

"धाडा की," ती म्हणाली. "आनखी तीन मार्क घालवलंत, की तुमीच पयलं."