न्यूट्रलवर बंद पडणारी व्हॅन

आमच्या घरची पेट्रोल व्हॅन खंडेनवमीनंतर थरथरू लागली. रस्त्यावर ती ठीक चालायची. गतिरोधकापाशी वेग कमी केला, न्यूट्रलवर आणली, की आचके देऊन बंद पडायची. तिला पंधरा वर्षं होत होती आणि फेरनोंदणीसाठी नगरला न्यायची होती. त्याआधी धुराची तपासणी, आणि त्या वेळी इंजिन जागेवर शांत चालावं लागतं. थोरल्या भावाने पुण्याहून फोनवर निर्णय कळवला होता: पास झाली तर ठेवा, नाहीतर भंगारात घाला, नवी गाडी मी घेतो, पण ती ड्रायव्हर चालवील. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि व्हॅन तेच चालवतात. त्या दिवसापासून त्यांना धड झोप नव्हती.

मी रजेवर गावी पोचलो तेव्हा निदान सुरू होतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात गाडी बिघडली की मेकॅनिकच्या आधी सारी आळी गोळा होते. चुलत्यांनी आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलेलं नाही. त्यांचं मत सर्वांत ठाम होतं.

"प्लग गेल्यात. आवाजावरनंच कळतंय."

प्लग बदलले. व्हॅन थरथरत राहिली.

"मग पेट्रोलात पाणी हाय," वडील म्हणाले. टाकी रिकामी करून ते पेट्रोल आळीतल्या एकाच्या मोटरसायकलीत ओतलं. मोटरसायकल उत्तम चालली. त्यावरून काही निष्कर्ष काढावा असं कोणालाही वाटलं नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी बॅटरीवर संशय घेतला, तीही बदलली.

आई दारात शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "अवं, खंडेनवमीला तुमी धुतली ना, तवापासनं हाय हे."

"धुतल्यानं गाडी बिघडती व्हय? लोक काय घाण ठेवत्यात का गाड्या?" वडील म्हणाले आणि सगळे हसले. आईने पुढची शेंग उचलली. उपलब्ध मतांपैकी तेवढंच एक प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेलं होतं, म्हणून ते विचारात घेतलं गेलं नाही.

शेवटी तपासणीच्या आदल्या दिवशी मी आणि वडील व्हॅन सुप्याच्या मेकॅनिककडे घेऊन गेलो. वाटेत ती सात वेळा बंद पडली. दर वेळी वडिलांनी रस्त्याला दोष दिला.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मेकॅनिकने सीट उचलली, इंजिन चालू ठेवून थोडा वेळ ऐकलं आणि एका बारीक रबरी नळीवर अंगठा दाबला. थरथर थांबली. अंगठा काढला, पुन्हा आचके. नळी सांध्यापाशी चिरली होती आणि इंजिन तिथून जादा हवा ओढत होतं. एवढंच. मग त्याने नळी उजेडात धरली. तिच्यावर निळसर थर होता. इंजिनाच्या खाचांतही तोच होता.

"बाबा, हे मोरचूद हाय," तो म्हणाला. "गाडीवर काय तेल्या पडला हुता का?"

तेल्या हा डाळिंबाचा रोग. त्यासाठी आमच्याकडे मोरचूद आणि चुन्याची फवारणी करतात, जोराचा फवारा मारणाऱ्या एचटीपी पंपाने. पूजेआधी व्हॅन त्याच पंपाने धुतली गेली होती, पंपाची टाकी न विसळता, सीट उचलून, थेट इंजिनावर. पंधरा वर्षांचं रबर तो मारा कसं सोसणार?

"कुनी मारला पंप?" मेकॅनिकने विचारलं.

वडील समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघू लागले. "पोरांनी मारला आसंल."

घरात पोर म्हणावं असा मीच आहे. वय एक्कावन्न. खंडेनवमीला मी दीडशे किलोमीटरवर वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरीवर होतो. हे कोणीही तपासू शकलं असतं. वडिलांचा हात मात्र सीटच्या कडेवर घट्ट आवळलेला होता.

"मी मारला," मी म्हणालो.

"साहेब, तुमी?" मेकॅनिकला खरंच वाईट वाटलं. "शिकल्यालं मानूस ना तुमी?"

नळी बदलायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी व्हॅन धुराच्या तपासणीत शांत उभी राहिली आणि नगरला पासही झाली. संध्याकाळी भावाचा फोन आला. वडिलांनी स्पीकर लावला, म्हणजे आळीलाही ऐकू जाईल, आणि पंप मी मारल्याचं त्याला सांगितलं.

"तू? इंजिनावर फवारणीचा पंप?" भाऊ मला म्हणाला. "अरे, डोकं आहे का तुला? नानांच्या हातात इतकी वर्षं नीट चाललेली गाडी!"

"जाऊ दे," वडील म्हणाले. "पेपरवाल्याला इंजिनातलं काय कळतंय?"

"तुम्हीच चालवा नाना. त्याच्या हातात देऊ नका," भाऊ म्हणाला.

चुलत्यांनी मान डोलावली. आईने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि चहा टाकायला आत गेली. वडिलांनी खिशातून किल्ली काढली, दळण आणायचं निमित्त सांगितलं आणि पायी पाच मिनिटांवरच्या गिरणीला व्हॅन घेऊन गेले. मला बरोबर येतोस का म्हणून विचारलं नाही.