बाकी दोघं कुठं गेली?

शिवलीला,

तुझ्याबद्दल लिहायचं तर तुझी परवानगी घ्यावी लागेल, आणि तू ती देणार नाहीस. म्हणून सरळ तुलाच लिहिते. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे.

तू अक्कलकोटकडची. घरात कानडी, शाळेत मराठी. माझ्या वर्गात आठवीला आलीस तेव्हा शाब्दिक उदाहरण वाचायचीच नाहीस. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. मधलं वाक्य गेलं खड्ड्यात. मार्क बरे पडायचे, त्यामुळे कुणाला पत्ता लागायचा नाही. पुढे डी.एड. करून कुंभारीच्या जिल्हा परिषद शाळेत लागलीस आणि तिसरीच्या वर्गात तुला तुझ्यासारखीच पोरं भेटली. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कानडी. गणितात मात्र सगळी शब्द हुंगत फिरणारी.

एका रिक्षात सहा माणसं बसतात, वीस माणसांना किती रिक्षा लागतील, हे तू फळ्यावर दिलंस. अख्ख्या वर्गाने लिहिलं : तीन रिक्षा, बाकी दोन. भागाकार अचूक. तू विचारलंस, “बाकी दोघं कुठं गेली?” कुणालाच माहीत नाही. गणितातली माणसं ती, त्यांना घरी कशाला जायचं असतं!

दुसऱ्या दिवसापासून तुझा नियम सुरू झाला : पेन्सिल दप्तरात. आकडे झाकून आधी गोष्ट आपल्या भाषेत सांगायची, मग ती करून बघायची. तू खडूने फरशीवर रिक्षा काढल्यास आणि पोरं त्यांत बसवलीस. शेवटची दोघं बाहेर उभी राहिली, तेव्हा चौथी रिक्षा लागते हे कुणाला सांगावं लागलं नाही. त्यात वैष्णवी म्हणाली, चौथी कशाला, दोघांना ड्रायव्हरशेजारी घ्या की. गावात येणाऱ्या रिक्षात ती रोज तेच बघते. दुसरी कुणी बाई असती तर चूक म्हणून रेघ ओढून मोकळी झाली असती. तू लिहायला लावलंस : सहाच बसवायची असतील तर चार, दाटीवाटी चालत असेल तर तीन. हे मला फोनवर सांगताना तू इतकी हसत होतीस की मला ‘नीट बोल’ म्हणावं लागलं.

पण या नादात वह्या कोऱ्या राहिल्या. शेजारच्या तुकडीची पानंच्या पानं भरलेली आणि तुझी पोरं एकाच गणिताभोवती दिवसभर घुटमळणार. पालकांत कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, पालकसभेत तक्रार आली तर दिवाळीनंतर हा वर्ग दुसऱ्याकडे, तुम्ही पहिली घ्या. तुला पहिलीचं काही वावडं नव्हतं. ही पोरं पुन्हा शब्द हुंगायला लागतील, एवढीच धास्ती होती. मला सभेला या म्हणालीस, म्हणून मी मागे सतरंजीवर येऊन बसले.

तक्रार केली ती वैष्णवीच्याच वडिलांनी. विरेश, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. “बाई, वही कोरी हाय. पोरगी घरी येऊन सांगती, आज रिक्षात बसलो. रिक्षात तर आमी बी रोज बसतो की.” सगळे हसले. तूही हसलीस, पण ओठांपुरती.

मुख्याध्यापकांनी वैष्णवीला पुढे बोलावून सगळ्यांदेखत गणित घातलं : एका खोक्यात आठ टॉवेल मावतात, तीस टॉवेल पाठवायला किती खोकी लागतील? पोरीने खडू उचललाच नाही. हात मागे बांधून उभी. मला उठून उत्तर सांगून टाकावंसं वाटत होतं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस.

शेवटी तिने विचारलं, “सर, खोकं अर्धवट भरलेलं चालतं का?”

सरांना ते कुठून ठाऊक असणार. उत्तर विरेशने दिलं. “चालतंय की. मोकळ्या जागेत कागद कोंबायचा. माल मागं ऱ्हायलेला न्हाय चालत.”

तिने चार चौकोन काढले. तिन्हींत आठ-आठ, शेवटच्यात सहा.

सर तुझ्याकडे वळले. “मॅडम, गणित असं विचारत विचारत सोडवायचं असतं का?”

“मग न विचारता कसं सोडवायचं, सर?”

उद्धटपणा नव्हता त्यात. तुला खरंच कळत नव्हतं.

विरेश फळ्याकडे बघत होता. म्हणाला, आमच्याकडं नवीन आलेली माणसं हेच विचारत न्हाईत, आन सहा टॉवेल टेबलावर ऱ्हातात; वही भरंल नंतर. त्याने तक्रार गिळल्यावर बाकीचे पोषण आहारातल्या खिचडीवर घसरले, आणि वर्ग तुझ्याकडेच राहिला.

वार्षिक परीक्षेत तुझी तुकडी काही पहिली आली नाही. पण शाब्दिक उदाहरण कोरं कुणी सोडलं नव्हतं, आणि चुकलेल्यांनीही काहीतरी चित्र काढलेलं होतं. सरांनी तोंड वाकडं करून का होईना, चौथीलाही तीच पोरं तुला दिली. तू खूश आहेस, हे हल्ली फोनवर तुझ्या आवाजातूनच कळतं. बरं वाटतं ऐकायला.

चौथीत वजनं आहेत. किलो-ग्रॅम पाठ करून डोक्यात शिरत नाहीत, हातांनी तोलावं लागतं. म्हणून मंगळवार पेठेतून खरा, दोन पारड्यांचा तराजू आणायचा, दोघींनी मिळून जायचं, असं ठरलं. एका रविवारी तुझ्याकडे पाहुणे आले, एका रविवारी माझी दाढ ठणकली, मग तुझं कसलंसं प्रशिक्षण निघालं. आपण अजून गेलेलो नाही.