बायडीचा फोटो काढायचा नाही

बोईसरच्या पुलाजवळ दर रविवारी दुपारी एक मंडळ बेघर माणसांना खिचडी वाढायचं. ज्ञानेश्वरी त्या मंडळात नवी. मूळची नांदेडकडची, नवरा जितेश तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर. पहिल्याच दिवशी तिच्या हातात डाव आला आणि पहिल्याच दिवशी बायडीशी गाठ पडली.

रांगेत शेवटी उभी होती ती. साठीची, काटकुळी, एका पायाने लंगडणारी, लुगडं गुडघ्यापर्यंत कसून नेसलेली. ज्ञानेश्वरी वाढणार तोच मंडळाचे प्रमुख शांतारामकाका मोबाइल उंचावून म्हणाले, "आजी, इकडे बघा. जरा हसा."

बायडीने पत्रावळ मागे घेतली. "खिचडी वाढ. फोटू नाय."

"अहो, देणगीदारांना दाखवावा लागतो."

"मंग त्यांनाच खाया घाल."

पत्रावळ टेबलावर ठेवून ती चालू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "माज बघा हिचा!"

पुढच्या रविवारीही तेच झालं. तिसऱ्या रविवारी ज्ञानेश्वरीला राहवेना. सगळं आटोपल्यावर ती डब्यात खिचडी भरून पुलाखाली गेली. बायडी एका फाटक्या बॅनरच्या आडोशाला बसली होती.

"मावशी, हे घ्या. इथे कुणी फोटो काढत नाही."

बायडीने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चारचौघांत नाय दिलंस, आन आता चोरून देतेस?"

ज्ञानेश्वरीचे कान तापले. परत फिरावंसं वाटलं, पण पाय निघेना. ती तिथेच मातीत बसली. ती उठत नाही असं पाहून बायडीच बोलती झाली.

तिचं गाव जव्हारकडच्या डोंगरात. भात कापून झालं की ती नवऱ्याबरोबर दरवर्षी बोईसरला बांधकामावर यायची. नवरा वारला, तरी ती येत राहिली. एके दिवशी परांचीवरून पडली, पाय मोडला. ठेकेदार पुन्हा फिरकला नाही. गावी गेली तर घरात दीर राहायला आलेला. मुलगी सपना जवळच्या पाम गावात दिलेली. पण जावयाच्या दारात पडून राहायचं नाही, हे बायडीने ठरवूनच टाकलं. सपनाने सासरी सांगून ठेवलं होतं, आई बोईसरला एका कंपनीत झाडलोट करते.

एका थंडीत कुणीतरी येऊन चादर दिली आणि फोटो काढून नेला. महिन्याभराने तोच फोटो पालघरच्या बाजारात बॅनरवर छापून टांगलेला. 'निराधारांना मायेची ऊब.' खाली बायडीचं हे एवढं मोठं तोंड. सपनाच्या सासूने तो पाहिला आणि घरात जे काही व्हायचं ते झालं.

"निराधार!" बायडी पचकन थुंकली. "माजे हात काय गळून पडले?"

"मग काय केलंत?"

"पालगरला गेली. भाजीवालीचा इळा घेतला आन भर बाजारात दोऱ्या कापल्या. पोलिसांनी सांजपावेतर बसवून ठेवली. सायेब इचारतो, बॅनर का काढलास? मी बोलली, तोंड माजं हाय. ते टांगताना मना कोणी इचारलं?"

ज्ञानेश्वरीने वर पाहिलं. डोक्यावरचा बॅनर तोच होता. चेहऱ्याच्या जागी इळ्याने कापलेलं मोठं भोक होतं आणि त्यातून ऊन खाली येत होतं.

"आणि सपना? येते का?"

"येते. सासूला सांगून येते. लपून आलीस तर आई मेली समज, असं सांगितलंय तिला."

डबा तसाच भरलेला घेऊन ज्ञानेश्वरी घरी आली. तो आठवडा तिला फार लांब गेला.

पुढच्या रविवारी शांतारामकाकांनी मोबाइल काढला, तसं तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"काका, पातेल्याचा काढा, माझा काढा. जेवणाऱ्यांचा नाही."

"अगं, देणगी बंद होईल! मग काय वाढशील?"

"ते बघू. पण फोटो काढणार असाल तर हे झाकण मी उघडत नाही."

रांग थबकली. मालधक्क्यावर हमाली करणारा मिथुन पुढेच होता. त्याने पत्रावळ खाली केली आणि हळूच म्हणाला, "चाचा, मेरा भी मत खींचिए. गाँव में लोग देखते हैं." त्याच्या मागच्या दोघींनी पदर तोंडावर ओढून घेतले. जणू कुणीतरी विचारेल याची त्या इतके दिवस वाटच पाहत होत्या. शांतारामकाका माणूस म्हणून वाईट नव्हते. ते त्या पदरांकडे पाहत राहिले आणि मोबाइल खिशात गेला.

एका देणगीदाराने खरंच हात आखडता घेतला. दोन रविवार खिचडी पातळ झाली. मग मंडळातल्या बायकांनी घराघरांतून तांदूळ आणायला सुरुवात केली.

मोबाइल खिशात गेला त्याच दिवशी बायडी रांगेत आली होती. पत्रावळ भरून घेतली, पहिला घास खाल्ला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीठ कमी हाय."

ज्ञानेश्वरी हसली. "पुढच्या वेळी नीट घालते, मावशी."

"आन तू कवा जेवतेस? उभी राहून आमचे घास मोजतेस. बस हितं."

ज्ञानेश्वरीने डाव शांतारामकाकांच्या हातात दिला, एक पत्रावळ उचलली आणि बायडीच्या शेजारी मांडी घातली.