एकमेकांच्या तासाला

मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा निपाणीकडच्या आमच्या मराठी हायस्कूलचा दहावीचा गणिताचा निकाल लागोपाठ घसरत होता. संस्थेच्या मंडळींनी मला बोलावून सांगितलं, यंदा फरक दिसला नाही तर गणिताच्या सरांकडून दहावी काढून घ्या आणि नुकत्याच लागलेल्या तरुण बाईंना द्या. या सरांना सगळा स्टाफ अण्णा म्हणायचा. निम्मे जण त्यांचेच विद्यार्थी, मीसुद्धा. दहावीचा वर्ग म्हणजे अण्णांचा जीव होता.

त्याच सुमारास चिकोडीला कर्नाटक सरकारचं शिक्षकांसाठी प्रशिक्षण झालं. सगळं कन्नडमध्ये. आम्ही मराठीवाले मागे बसून एकमेकांना अर्थ सांगत होतो. त्यातली एक गोष्ट मला पटली आणि मी ती शाळेत सुरू केली. शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसायचं आणि काय चुकलं ते मोकळेपणाने बोलायचं. म्हटलं, अण्णांना कुणीतरी सांगेल, वर्गही त्यांच्याकडे राहील, मला तोंड उघडावं लागणार नाही.

झालं भलतंच. आमच्याकडे दारात आलेला माणूस म्हणजे पाहुणा. तासाला येणाऱ्याला वर्गातली एकुलती एक खुर्ची मिळायची. शिपाई चहा आणायचा. शिकवणारा मुलांना पाठ असलेला जुनाच धडा पुन्हा काढायचा, म्हणजे उत्तरं कशी धडाधड येतात. पाहुण्याला शिळं वाढू नये एवढंही आम्ही विसरलो. नंतरच्या चर्चेत सगळ्यांचं एकच, "लई भारी झालं, अण्णा." गुरूला नावं कोण ठेवणार?

शेवटी मीच एके दिवशी न कळवता अण्णांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. अण्णांनी प्रमेय फळ्यावर लिहून काढलं. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. वर्ग चिडीचूप. शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, ही पायरी अशी का आली गं?

"सर लिवत्यात, आमी उतरून घेतो, बाई."

शाळा सुटल्यावर दोघंच असताना मी अण्णांना हे सांगितलं. मुलांना एकही प्रश्न विचारला नाहीत, फळ्यावर एकालाही बोलावलं नाहीत, म्हटलं. शब्द जपून वापरले, पण लागायचे ते लागलेच. 

"आदीच सांगायचं हुतं गं कुणीतरी," अण्णा म्हणाले. मी मुख्याध्यापिका झाल्यापासून ते मला बाईच म्हणत होते, 'गं' आज पहिल्यांदा आलं. "आता ह्या वयात हाताचं वळण बदलत न्हाय. दहावी त्या नव्या पोरीला दे."

हा वर्ग त्यांच्याकडेच राहावा म्हणून मी वर्षभर जिवाचा आटापिटा केला होता. तरी मी "नको, अण्णा" म्हणाले नाही. इतकी थकले होते की मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं.